स्पोर्ट्स कार रेसिंग: पगारी धुरकरी आणि हौशी मालक

लातूरच्या मित्राचा प्रश्न मधल्या उत्तरांत हरवला, म्हणून आधी तो पुन्हा मांडतो. फ्रान्समधल्या ले मांच्या 24 तासांच्या शर्यतीसारख्या शर्यतीत एका गाडीत तीन-तीन ड्रायव्हर असतात, त्यातला एखादा चक्क कारखानदार असतो. मग याला प्रोफेशनल म्हणायचं का? आणि हे प्रोफेशनल झालं तरी कधी? त्यावर एकानं एका ओळीत निकाल लावून टाकला, "फॉर्म्युला वन तेवढं खरं, बाकी श्रीमंतांची हौस." हौस आहे, नाही असं नाही. पण त्या एका ओळीत शंभर वर्षांची गोष्ट बसत नाही.

आपल्याकडच्या शंकरपटापासून सुरुवात करतो. पटात जोडी एकाची, धुरकरी दुसरा. मालक वर्षभर बैलांना खुराक घालतो, टेम्पो करून पटाला आणतो, पण कासरा हातात घेतो तो एखादा हलक्या अंगाचा, बैलांच्या सवयीचा गडी. नाव पुकारतात ते मालकाचं. आता मालकच पोट सावरत जोडी हाकायला निघाला तर काय होईल? अख्खं गाव हसेल. स्पोर्ट्स कार रेसिंगमध्ये नेमकं तेच होतं. मालक गाडीत बसतो. पहिल्यापासून बसतो, आणि आज काही गटांत तर नियमच त्याला बसवतो.

ले मांची पहिली 24 तासांची शर्यत 26 आणि 27 मे 1923 ला झाली. रिकाम्या सांगाड्याला इंजिन जोडून पळवायचं असा तो मामला नव्हता. रस्त्यावर चालते तशी गाडी, मोठ्या इंजिनाची असेल तर चार जणांच्या बैठकीची, रात्रभर दिव्यांसकट टिकते का हे बघायचं होतं. शेनार-वॉकर कंपनीची गाडी लागाश आणि लेओनार या दोघांनी 2209 किलोमीटर पळवली. म्हणजे ताशी सरासरी 92, तेही पावसात आणि तेव्हाच्या रस्त्यांवर. हे दोघे कंपनीचेच लोक. म्हणजे पगारी माणूस पहिल्या दिवसापासून होता.

पण त्याच दशकात बेंटलीचा वूल्फ बार्नाटो आला. बाप दक्षिण आफ्रिकेच्या हिऱ्यांच्या खाणींत गबर झालेला. बेंटली कंपनी बुडायला लागली तेव्हा यानं पैसा ओतला, अध्यक्ष झाला, आणि मग त्याच कंपनीची गाडी घेऊन 1928, 1929, 1930 अशी तीन वर्षं ले मांला उतरला. तिन्ही वेळा जिंकला. तीन वेळा उतरून तिन्ही वेळा जिंकणारा हा माणूस पगारी नव्हता, उलट पगार तोच देत होता. "श्रीमंतांची हौस" म्हणणाऱ्यांनी एवढा हिशेब लक्षात ठेवावा.

उलट बाजूही आहे. 1949 साली फेरारीनं पहिल्यांदा ले मां जिंकलं. गाडी विकत घेतलेली होती लॉर्ड सेल्सडन नावाच्या ब्रिटिश उमरावानं. त्याची तब्येत बरी नव्हती म्हणतात. ते काही असो, 24 पैकी 22-23 तास स्टिअरिंग लुइजी किनेत्तीच्या हातात होतं, आणि तो तेव्हा चाळिशी पार केलेला गडी. कागदावर विजेते दोघं. तिकडं अमेरिकेत फेरारी विकण्याचं बस्तान पुढं याच किनेत्तीनं बसवलं. धुरकरी, व्यापारी आणि मेकॅनिक, तिन्ही एकाच अंगात.

एकट्यानं गाडी हाकायचा हा हट्ट 1952 मध्ये पार टोकाला गेला. पिएर लेवे नावाचा फ्रेंच माणूस स्वतःची टाल्बो घेऊन आला आणि जोडीदाराला चाकच देईना. तेवीस तासांच्या आसपास एकटा चालवत राहिला, पहिला होता, आणि शेवटच्या तासाभरात इंजिन गेलं. शर्यत मर्सिडीजला मिळाली. तीन वर्षांनी त्याच मर्सिडीजनं त्याला आपल्या संघात घेतलं, आणि 11 जून 1955 ला ले मांलाच मोठा अपघात झाला. जॅग्वार पिटकडं, म्हणजे इंधन-दुरुस्तीच्या थांब्याकडं, वळायला एकदम मंदावली, मागची ऑस्टिन-हिली तिला चुकवायला डावीकडं सरकली, आणि लेवेची मर्सिडीज तिच्यावर चढून प्रेक्षकांत फेकली गेली. लेवेसकट ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्यात एक तांत्रिक मुद्दा आहे. जॅग्वारला डिस्क ब्रेक होते, मर्सिडीजला ड्रम. म्हणजे पुढचा फार लवकर थांबू शकत होता आणि मागच्या मर्सिडीजला ते जमत नव्हतं. (1953 साली डिस्क ब्रेकवाली जॅग्वार ले मां जिंकली होती. आज वाळूजच्या कंपन्यांबाहेर लागलेल्या बाइकच्या रांगेत ड्रमवाली शोधावी लागते.) स्वित्झर्लंडनं सर्किटवरच्या शर्यतींवर बंदीच घातली. मर्सिडीज त्या मोसमानंतर रेसिंगमधून निघून गेली ती थेट ऐंशीच्या दशकात परतली. आपल्या पटावर बंदी आली, सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, मग पुन्हा सुरू झाला, हे आपण पाहिलंय. कारण वेगळं, पण धावपट्टी रिकामी पडली की त्यावर पोट असलेल्यांचं काय होतं ते सारखंच.

आता तुमच्या "प्रोफेशनल कधी झालं" या प्रश्नाकडं येतो. युरोपात ही रेषा कधी स्पष्ट नव्हतीच. अमेरिकेत मात्र होती, आणि फार कडक होती.

तिथं 1944 ला स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका निघाला. धोरण एकच, ही सभ्य माणसांची हौस आहे, बक्षिसाची रक्कम घ्यायची नाही. 1948 ला वॉटकिन्स ग्लेन गावच्या रस्त्यांवर शर्यत सुरू झाली. 1952 ला तिथं बघ्यांतलं एक लहान पोर दगावलं आणि गावातून गाड्या पळवणं अवघड झालं. तेव्हा मदतीला आला वायुसेनेचा जनरल कर्टिस लेमे. स्वतः स्पोर्ट्स कारचा शौकीन. त्यानं बॉम्बर विमानांच्या तळांवर शर्यती भरवू दिल्या, 1954 पर्यंत ते चाललं. सरळ धावपट्ट्या, गवताच्या गंज्यांची वळणं. आपल्याकडं मद्रासजवळ शोलावरमला हेच झालं, दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्टीवर कित्येक वर्षं गाड्या पळाल्या. इरुंगाट्टुकोट्टईचा खास बांधलेला ट्रॅक 1990 ला आला तेव्हा कुठं ते संपलं.

तर हौशी म्हणता म्हणता काय व्हायचं? ज्याच्याकडं पैसा तो फेरारी आणायचा, ज्याच्या हातात कसब तो चालवायचा, आणि खर्चापाण्याच्या नावाखाली पाकीट सरकवलं जायचं. टेक्ससचा कॅरोल शेल्बी हे त्याचं उत्तम उदाहरण. हा माणूस कोंबड्या पाळायचा. पहिल्या लॉटला नफा झाला, दुसरा लॉट रोगानं मेला आणि हा कर्जात. आपल्याकडं शेड टाकलेल्यांना वेगळं सांगायला नको. एकदा शेतातून थेट शर्यतीला आला तो पट्ट्यापट्ट्यांच्या कामाच्या डगल्यातच, फोटो छापून आला, आणि मग तोच डगला त्याची ओळख झाला. स्वतःची गाडी घ्यायची ऐपत नाही, पण दुसऱ्यांच्या गाड्या चालवत 1959 ला अॅस्टन मार्टिनमधून ले मां जिंकला. पुढच्याच वर्षी हृदयविकारानं ड्रायव्हिंग सुटलं, तर त्यानं ब्रिटिश गाडीत फोर्डचं व्ही-8 इंजिन बसवून कोब्रा काढली.

हा पाकिटांचा धंदा उघड झाला 1958 मध्ये. दुसऱ्या संस्थेनं, युसॅकनं, रोख बक्षिसाच्या रोड रेस सुरू केल्या. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला त्या वर्षी चक डे जिंकला, स्कॅरॅब गाडीत. डे मेकॅनिक आणि ड्रायव्हर, गाडी बनवून घेतलेली लान्स रेव्हेंटलोनं, म्हणजे वूलवर्थ दुकानांच्या वारसदाराच्या पोरानं. पुन्हा तीच जोडी बघा. गर्दी पैशाच्या शर्यतीकडं निघाली तसा जुना क्लबही वाकला आणि 1963 ला त्यानं स्वतःची व्यावसायिक मालिका काढली. 1966 ला कॅन-अॅम मालिका आली, आणि नियम इतके ढिले की इंजिन हवं तेवढं मोठं. 1969 च्या अकराच्या अकरा शर्यती मॅकलॅरननं जिंकल्या. 1973 ला मार्क डॉनह्यूच्या पोर्शे 917/30 ची ताकद 1000 अश्वशक्तीच्या वर होती. त्याच वर्षी तेलाचं संकट आलं, पुढच्या वर्षी इंधनावर मर्यादा, आणि 1974 मध्येच मालिका आटोपली. म्हणजे तारीखच हवी असेल तर अमेरिकेपुरतं 1958 ते 1966 धरा.

फोर्ड आणि फेरारीची 1966 ची गोष्ट सिनेमामुळं सगळ्यांना पाठ आहे, ती सोडतो.

मला त्याहून 1979 चं ले मां आवडतं, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या एका निकालात आहे. पाऊस धो धो. पहिली आलेली पोर्शे 935 चालवत होते क्लाउस लुडविग आणि व्हिटिंग्टन भाऊ. लुडविग जर्मन, पक्का पगारी, पावसातलं बहुतेक काम त्यानंच केलं. दुसरी आलेली गाडीही 935. तिच्यात तिघं: मालक डिक बार्बर, सिनेमाचा हिरो पॉल न्यूमन, वय 54, आणि रोल्फ स्टोमेलन, पगारी. हिरो शोभेला नव्हता, न्यूमन खरोखर चांगला चालवायचा. आणि व्हिटिंग्टन? पुढं कळलं की त्यांच्या पैशाचा संबंध गांजाच्या तस्करीशी होता. एकटे तेच नव्हते. 1984 ला अमेरिकेतल्या इम्सा मालिकेचं अजिंक्यपद जिंकणारा रँडी लॅनियर त्याच धंद्यात सापडला, जन्मठेप झाली, 2014 ला सुटला. इम्सा ही जॉन बिशपनं 1969 ला काढलेली चांगली संस्था. तिच्या मालिकेवर नाव सिगारेट कंपनीचं. पण पैसा कुठून येतो हे विचारायचं नाही अशी त्या काळाची रीत दिसते.

आता एक गोष्ट जी ऐकून मी स्वतः चाट पडलो होतो. स्पोर्ट्स कारचं जागतिक अजिंक्यपद 1953 पासून आहे. पण 1980 पर्यंत ते फक्त गाडी बनवणाऱ्याला मिळायचं. मॉस, इक्स, रॉड्रिगेझ, सगळे नावाजलेले ड्रायव्हर चालवून गेले, जगज्जेता ड्रायव्हर कुणी नाही. अगदी पटासारखं, नाव मालकाचं, धुरकऱ्याचं नाही. ड्रायव्हरचं अजिंक्यपद 1981 ला सुरू झालं आणि पहिला मानकरी ठरला बॉब गॅरेटसन. हा कोण? कॅलिफोर्नियातला पोर्शे तयार करून देणारा गॅरेजवाला. माझ्यासारख्या मशीन शॉपमध्ये 22 वर्षं घालवलेल्या माणसाला यापेक्षा आनंदाची बातमी नाही.

पुढचा काळ भरभर. 1982 ला ग्रुप सी नावाचा नवा नियम आला, 1000 किलोमीटरला 600 लिटर इंधन, यात काय पळवायचं ते पळवा. पोर्शेनं 956 खासगी संघांना विकली, आणि 1985 ला योस्ट या खासगी संघानं कारखान्याच्याच गाड्यांना हरवून ले मां जिंकलं, तेही आदल्या वर्षी जिंकलेल्या त्याच गाडीनं. पुढं खर्च बेसुमार वाढला आणि जागतिक मालिका 1992 नंतर बंद पडली. नवी 2012 ला आली.

यात आपल्या मराठवाड्याचाही एक धागा आहे: संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या प्लांटमध्ये ऑडीच्या गाड्या जुळवल्या जातात. त्याच ऑडीनं 2000 ते 2014 या काळात ले मां 13 वेळा जिंकलं. 2001 ची विजेती आर-8 थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारं इंजिन घेऊन पळाली, नंतर तेच तंत्र ऑडीच्या रस्त्यावरच्या गाड्यांत आलं. 2006 ला डिझेलवर जिंकणारी पहिली गाडीही त्यांचीच. आर-8 चा मागचा भाग, गिअरबॉक्स, सस्पेन्शन सगळं एकाच तुकड्यात काही मिनिटांत बदलता यायचं. आमच्या लाइनवर साधा फिक्स्चर बदलायला अर्धी शिफ्ट जायची, ते आठवून तेव्हा सुपरवायझरला व्हिडिओ दाखवला होता. त्याला आवडला नाही.

आता आजची पद्धत. मोटार शर्यतींचा आंतरराष्ट्रीय महासंघ ड्रायव्हरांची प्रतवारी करतो: प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ. ब्राँझ म्हणजे ढोबळमानानं हौशी, बहुतेकदा स्वतःचा उद्योग असलेला. जागतिक मालिकेच्या एलएमजीटी3 गटात 2024 पासून प्रत्येक गाडीत एक ब्राँझ असलाच पाहिजे, आणि त्यानं ठरावीक वेळ चालवलंच पाहिजे. वरच्या हायपरकार गटात बहुतेक कारखान्याचे पगारी. दोन्ही एकाच ट्रॅकवर, एकाच रात्री. ब्राँझवाल्याच्या पैशावर मेकॅनिक, टायरवाला, स्वयंपाकी आणि बाजूचा पगारी ड्रायव्हर जगतो. म्हणून मी याला प्रोफेशनलच म्हणतो, फक्त इथं मालकाला घाम गाळावा लागतो.

आणि तीन ड्रायव्हर कशाला, तर लेवेसारखं पुन्हा कुणी करू नये म्हणून. आता एका माणसाला सहा तासांत चारपेक्षा जास्त आणि एकूण चौदापेक्षा जास्त तास चालवता येत नाही.

आपले लोक? 2009 ला नारायण कार्तिकेयन ऑडीच्या गाडीत होता, शर्यतीआधीच पडून खांदा निखळला आणि बसून राहिला. करुण चंढोक 2012 ला उतरला आणि त्याची गाडी सहावी आली.

बघायचं असेल तर जूनमध्ये, शनिवारी आपल्या संध्याकाळी साडेसातच्या सुमारास सुरू होते, रविवारी साडेसातला संपते. मृग लागलेला असतो, वीज जाते, त्यामुळं मोबाइल भरून ठेवा. सगळी रात्र जागू नका, मी केलंय, दुसऱ्या दिवशी काही कळत नाही. पण शेवटचा अर्धा तास सोडू नका. 2016 ला टोयोटा पहिली होती, शेवटची साडेतीन मिनिटं उरली होती, मी चहा टाकायला उठलो. परत आलो तर गाडी फिनिशच्या रेषेजवळच उभी.