समुद्राची पातळी वर-खाली झाली की किनाऱ्यालगतच्या गाळाचे थर कसे बदलतात?

सांगलीत कृष्णेचा पूर ओसरला की घाटाच्या पायऱ्यांवर बोटभर गाळ उरतो. तोच पुढे बंगालच्या उपसागराकडे जातो (हल्ली बराचसा धरणांतच अडकतो, ते सोडा). तो बसणार कुठे, हे बरंचसं समुद्राच्या पातळीवर ठरतं. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगात बरंच पाणी जमिनीवरच्या बर्फात अडकलेलं असताना, ती आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती. किनाऱ्यालगतचा उथळ तळ उघडा पडला. नद्यांनी त्यात दऱ्या कोरल्या, वाळू थेट खोल समुद्रात लोटली. मग बर्फ वितळला, किनारा आत सरकला आणि त्या झिजलेल्या पृष्ठभागावर आधी वाळू, तिच्यावर बारीक चिखल बसला. थर वाचताना आधी ती झिजेची रेघ शोधायची. वाळूवर चिखल म्हणजे बहुधा समुद्र आत आला. चिखलावर वाळू दिसली तर मात्र घाई नको: पातळी न उतरताही, नदीने भरपूर गाळ आणला तरी तसंच दिसतं.