‘व्हेटो’ला मराठीत काय म्हणावं?

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसनजवळ राहणाऱ्या एका ताईंनी प्रश्न पाठवला आहे. त्यांच्या भागातल्या आमदाराचं मतदारांना आलेलं पत्र त्या सासूबाईंना मराठीत समजावून सांगत होत्या. राज्याचा अर्थसंकल्प, गव्हर्नरचा ‘पार्शल व्हेटो’ आणि शाळांचे पैसे, असा विषय. ताईंनी ‘अंशतः नकाराधिकार’ असं भाषांतर केलं. त्यावर सासूबाईंनी विचारलं, “म्हणजे त्याला अर्धाच अधिकार आहे का?” ताई विचारतात, माझं चुकलं कुठे?

सासूबाईंचा प्रश्न अगदी योग्य जागी लागला आहे. ‘नकाराधिकार’ हा शब्द चांगलाच आहे. नकार आणि अधिकार यांचा सरळ संधी. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या बातम्यांमुळे तो आपल्या कानांना सरावलाही आहे. पण तो अधिकाराचं नाव आहे, कृतीचं नाही. इंग्रजीत ‘व्हेटो’ म्हणजे अधिकारही आणि तो वापरून दिलेला एकेक नकारही. म्हणून तिकडे ‘गव्हर्नरचे पन्नास व्हेटो’ म्हणता येतं. मराठीत ‘पन्नास नकाराधिकार’ म्हटलं की वाक्य कोसळतं. शिवाय ‘अंशतः’ हा शब्द जाऊन चिकटतो अधिकाराला. खरं तर अधिकार पुरता आहे, नकार विधेयकाच्या काही भागापुरता आहे.

मुळात हा शब्द लॅटिनमधलं क्रियापद आहे. ‘व्हेटो’ म्हणजे ‘मी मना करतो’. माझं मत असं की मराठीतही इथे क्रियापदाकडेच जावं. आपल्या संविधानाच्या मराठीत त्याची सोय आहे: राज्यपाल विधेयकाला ‘अनुमती’ देतात किंवा ‘अनुमती रोखून ठेवतात’. संपूर्ण विधेयक अडवलं असेल तर हे शब्द चपखल बसतात. ‘नामंजूर’ किंवा ‘फेटाळलं’ मात्र टाळावं, कारण विधेयक फेटाळतं ते सभागृह.

आता विधेयकाच्या एका भागाचा प्रश्न. त्यासाठी तयार शब्द आपल्याकडे नाही, कारण तशी गोष्टच आपल्याकडे नाही. मुंबईत विनियोजन विधेयक, म्हणजे सरकारी खर्चाचं विधेयक, मंजूर होऊन राज्यपालांकडे गेलं की त्यातली एखादी ओळ खोडून बाकीच्यावर सही करता येत नाही. कपात सूचना मांडायच्या त्या सदस्यांनी, सभागृहात. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत मात्र गव्हर्नरला खर्चाच्या विधेयकातली एखादी बाब तेवढी काढता येते. राष्ट्राध्यक्षांना ते जमत नाही. १९९६मध्ये काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, तसा कायदा केला होता, १९९८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला.

विस्कॉन्सिन याही पुढे गेलेलं आहे. १९३०च्या घटनादुरुस्तीनुसार तिथला गव्हर्नर खर्चाचं विधेयक ‘पूर्णतः किंवा अंशतः’ मंजूर करू शकतो. ‘बाब’ न म्हणता ‘अंश’ म्हटलं, आणि त्या एका शब्दावर पुढे पिढ्यान् पिढ्या वाद झाले. अंश म्हणजे कलम? वाक्य? शब्द? की अक्षरसुद्धा? एके काळी गव्हर्नर खरोखर अक्षरं खोडून नवे शब्द घडवत. मराठीत कल्पना करून पाहा: ‘नामंजूर’मधलं नुसतं ‘ना’ खोडलं की ‘मंजूर’ उरतं. टीव्हीवरच्या शब्दखेळात अक्षरं उलगडून दाखवणाऱ्या व्हॅना व्हाइट यांच्या नावाने लोक या प्रकाराला ओळखू लागले. १९९०मध्ये घटनादुरुस्ती करून तो बंद केला. मग दोन-तीन वाक्यांचे तुकडे जोडून नवं वाक्य करण्याची रीत उरली. तीही २००८मध्ये बंद झाली.

आणि तरी २०२३मध्ये जे घडलं ते पाहण्यासारखं आहे. विधेयकात शाळांसाठी २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन शैक्षणिक वर्षांपुरती वाढ होती. गव्हर्नर टोनी एव्हर्स यांनी मधले शब्द, काही अंक आणि एक छोटी आडवी रेघ खोडली. कागदावर उरलं: २०२३-२४२५. दोन वर्षांची वाढ चारशे वर्षांची झाली. शब्द घडवला नव्हता, अंक खोडले होते. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिल २०२५मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी ही खाडाखोड कायम राहिली. घटनेतली मनाई अक्षरांना आहे, अंकांना नाही. अक्षर आणि अंक यांतला फरक आपण पहिलीत शिकतो. त्याच फरकावर इतका मोठा निकाल उभा आहे, हे वाचताना मी पेन्सिलीने ते वाक्य उतरवून स्वतः खोडून पाहिलं.

म्हणून तिथल्या ‘पार्शल व्हेटो’साठी माझा शब्द ‘खोडणे’. कागदावर होतंही तेच. नाम हवंच असेल तर सरळ ‘व्हेटो’ ठेवा, आणि ‘नकाराधिकार’ फक्त अधिकाराबद्दल बोलताना वापरा.

‘गव्हर्नर’लाही ‘राज्यपाल’ करू नका. राज्यपाल म्हटलं की आपल्याला राष्ट्रपतींनी नेमलेली व्यक्ती दिसते. तिकडचा गव्हर्नर लोकांनी थेट निवडून दिलेला, सरकार चालवणारा. एव्हर्स तर आधी शिक्षक आणि राज्याचे निवडून आलेले शिक्षणप्रमुख होते.

पत्रातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा शब्द मात्र ताईंनी विचारलेलाच नाही. ‘विद्यार्थ्यामागे दरवर्षी ३२५ डॉलर’ याचं भाषांतर त्यांनी ‘निधी मिळाला’ असं केलं आहे. तसं नाही. विस्कॉन्सिनमध्ये १९९३पासून प्रत्येक शाळा-जिल्ह्याने (म्हणजे आपल्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेने) राज्याचं सर्वसाधारण अनुदान आणि स्थानिक कर मिळून किती रक्कम उभी करावी यावर मर्यादा आहे. दरवर्षी ३२५ डॉलरने वाढते ती ही मर्यादा. राज्याने अनुदान वाढवलं नाही, तर उरलेली रक्कम घरांवरच्या करातून, म्हणजे आपल्या भाषेत घरपट्टीतून येते. ‘निधी’ म्हटलं की वरून पैसा आला असं वाटतं. इथे शब्द हवा ‘मुभा’.

एकाच खाडाखोडीबद्दल दोन पक्षांचे आमदार मतदारांना इतकं वेगळं सांगतात, त्याचं कारणही इथेच सापडतं. डेमोक्रॅट म्हणतात, शाळांना पुढचा भरवसा मिळाला. रिपब्लिकन म्हणतात, चारशे वर्षांची घरपट्टीवाढ डोक्यावर बसली. दोघेही एकाच मुभेबद्दल बोलत असतात. एक ती वापरणाऱ्या शाळेकडून, दुसरा तिचे पैसे भरणाऱ्या घराकडून. भाषांतरात ‘निधी’ लिहिलं की दुसऱ्याचं म्हणणं कळेनासंच होतं.

तेव्हा ताई, सासूबाईंना असं सांगून पाहा: “आमदारांनी शाळांना दोन वर्षं जादा पैसे उभे करायची मुभा दिली होती. गव्हर्नरने त्यातले काही शब्द आणि आकडे खोडले, आणि तीच मुभा २४२५ सालापर्यंत लांबली. पैसे राज्याने दिले तर ठीक, नाहीतर घरपट्टी वाढते.”