इमारतीतली, थीम असलेली रोलर कोस्टर बसण्यासारखी कशामुळे होते?

तुम्ही विचारलंय की उघड्यावरच्या कोस्टरच्या मानाने इमारतीतल्या कोस्टर ठेंगण्या आणि हळू असतात, तरी लोक त्यांच्यासाठी दोन-दोन तास रांग लावतात. त्यात खरंच दम असतो की सगळा खर्च सजावटीवरच होतो? मला या प्रकारच्या राईड्स मनापासून आवडतात, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

मी एक कसोटी लावते. मनातल्या मनात इमारतीचं छप्पर उचलायचं, सगळे दिवे लावायचे आणि तोच ट्रॅक भर उन्हात मैदानात नेऊन ठेवायचा. तरीही राईडमध्ये काही फरक पडत नसेल, तर ती बंदिस्त असण्याला काही अर्थ नव्हता. पण तसं केल्यावर राईडचा जीवच गेला, तर अंधार, भिंती, गोष्ट आणि ट्रॅक या सगळ्यांचा विचार एकत्र झालाय. अशा राईडसाठी मी आनंदाने ताटकळत उभी राहते.

आधी वेगाबद्दल, कारण तुमची मुख्य शंका तीच दिसते. फ्लोरिडात डिस्नेच्या मॅजिक किंगडममधली ‘स्पेस माउंटन’ जानेवारी १९७५ मध्ये सुरू झाली. तिचा कमाल वेग ताशी जेमतेम ४५ किलोमीटर. एकदाही गाडी उलटी होत नाही, डोळे फिरावेत असा खोल उतार नाही. तरी पहिल्यांदा बसून आलेल्या माणसाला हा आकडा सांगा, त्याला पटत नाही. याचं कारण आपल्या कानात आहे. आतल्या कानाला वेग कळतच नाही. त्याला कळतो तो वेगातला बदल आणि वळण. आपण किती जोरात चाललोय हे मुख्यतः डोळे सांगतात, आणि पुढे काय येणार हेही डोळेच सांगतात. उघड्यावर पुढचं वळण दिसलं की मान आपोआप ताठ होते, पोट आवळलं जातं, हात दांडा घट्ट धरतात. अंधारात ही तयारी करता येत नाही. अंग एका बाजूला फेकलं गेल्यावर कळतं की वळण आलं. म्हणून तिथे लहानसा उतारसुद्धा पोटात खड्डा पाडतो.

शिवाय जवळची वस्तू डोळ्यांसमोरून झपकन सरकते, लांबची रेंगाळते. उंच उघड्या कोस्टरवर आजूबाजूला असतं आकाश, आणि ते हलत नाही. इमारतीत मात्र तुळया, कपारी, प्रकाशाचे ठिपके सुरक्षित अंतर सांभाळून अगदी जवळ आणता येतात. ताशी ४५ किलोमीटरने डोक्यावरून गेलेली तुळई मोकळ्या हवेतल्या ९० किलोमीटरपेक्षा जास्त धडकी भरवते, असा माझा तरी अनुभव आहे.

पण नुसता अंधार केला की झालं, असं समजणारे बांधकाम करणारे खूप आहेत आणि तिथेच बहुतेक राईड्स फसतात. पूर्ण काळोख पहिली काही सेकंदं भिववतो, मग डोळे शोध घेणं सोडून देतात आणि उरतो फक्त खडखडाट. अंधार टिकवायला मधेमधे उजेड लागतो. स्पेस माउंटनमध्ये गाडी सुरुवातीलाच लुकलुकणाऱ्या निळ्या दिव्यांच्या बोगद्यातून जाते. बोगदा सुंदर दिसतोच, पण त्याचा खरा परिणाम त्यानंतर जाणवतो: डोळे दिपलेले असतात आणि पुढे एकदम काळोख. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. राईड त्याआधी कधीच संपलेली असते. मग ज्या थोड्या चांदण्या दिसतात, त्यांच्यामागे किती पोकळी आहे याचा अंदाज येत नाही. खरं तर ती इमारत तशी दाटीवाटीची आहे, आत दोन ट्रॅक एकमेकांत गुंफलेले आहेत. दिवे लावून काढलेले तिचे फोटो पाहिलेत तर लोखंडी खांब, जिने आणि चालायच्या फळ्या दिसतील.

आता थीम. माझ्या मते थीमचं पहिलं काम गाडीच्या हालचालीला कारण देणं हे आहे. आपण का पळतोय? एकदम का थांबलो? मागे का चाललोय? याचं उत्तर बसणाऱ्याला न विचारता मिळालं पाहिजे. या बाबतीत फ्लोरिडातल्या युनिव्हर्सल स्टुडिओजमधली ‘रिव्हेंज ऑफ द ममी’ माझ्या लेखी सगळ्यांत वरची. ती २००४ मध्ये उघडली. गाडी आधी सावकाश थडग्याच्या दालनांमधून फिरते, खजिना दिसतो, मग समोर बंद भिंत येते. रस्ता संपला. भिंतीतून भुंगे बाहेर पडू लागतात आणि गाडी मागे निसटते, तीही काळोखात. उलट्या दिशेने जाणाऱ्या कोस्टर बाहेरही आहेत, पण तिथे ती एक करामत असते. इथे मागे जाण्यावाचून दुसरा मार्गच नसतो. मागे जाऊन थांबल्यावर गाडीसकट ट्रॅकचा तुकडाच फिरतो, आणि तोंड पुढे झालं की चुंबकीय मोटरच्या जोरावर गाडी चढावर फेकली जाते.

त्याहून मला आवडतो तो तिचा खोटा शेवट. मोठी धावपळ होते, गाडी ब्रेक लावून उतरायच्या फलाटासारख्या जागी येऊन थांबते, लोक सुटकेचा श्वास सोडतात. तेवढ्यात वरचं छत पेटतं, चेहऱ्यावर धग लागते आणि गाडी पुन्हा खाली झेप घेते. यामागची कारागिरी समजून घेण्यासारखी आहे. एका ट्रॅकवर एकाच वेळी अनेक गाड्या असतात. त्या एकमेकींवर आदळू नयेत म्हणून ट्रॅकचे भाग पाडतात, आणि पुढचा भाग मोकळा नसेल तर गाडी थांबवता यावी अशी सोय प्रत्येक भागाच्या टोकाला ठेवतात. उघड्या कोस्टरवर ही ब्रेकची जागा हमखास रसभंग करते. ऐन रंगात गाडी खसकन मंदावते. बंदिस्त राईडमध्ये हाच सक्तीचा थांबा प्रसंग म्हणून वापरता येतो. थांबे सुरक्षिततेसाठी आहेत हे जिथे लक्षातही येत नाही, ती राईड रचणाऱ्याला मी मनापासून दाद देते.

यासाठी मोठा खर्चच हवा असंही नाही. अमेरिकेत मिसुरीमधल्या सिल्व्हर डॉलर सिटी या पार्कमध्ये ‘फायर इन द होल’ नावाची राईड १९७२ पासून २०२३ पर्यंत चालली. वेग फारसा नव्हता, उतार लहान होते. पण गोष्ट होती पेटवून दिलेल्या गावाची, आणि आपण त्या जळत्या गावातून वाट काढतोय. कोसळणारे पूल, खिडक्यांतून दिसणाऱ्या ज्वाळा, मग अचानक उतार. लोकांना ती इतकी प्रिय होती की पार्कने जुनी बंद करून २०२४ मध्ये त्याच नावाने, त्याच गोष्टीची नवी राईड बांधली. उघड्यावर तोच ट्रॅक लहान मुलांचा वाटला असता.

ही कल्पना तशी फार जुनी आहे. कोस्टर रचणाऱ्या लामार्कस थॉम्पसनने १८८७ मध्ये अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीत जी ‘सीनिक रेल्वे’ बांधली, तिच्या बोगद्यांत रंगवलेले देखावे होते आणि गाडी जवळ आली की त्यांच्यावर दिवे लागत. उलट उदाहरण कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडच्या ‘मॅटरहॉर्न’चं, म्हणजे नकली डोंगरात बसवलेल्या कोस्टरचं. ती १९५९ ची, पोलादी नळ्यांच्या ट्रॅकवर धावणारी पहिली कोस्टर. डोंगर बाहेरून देखणा, पण आत बराचसा पोकळ सांगाडा. १९७८ मध्ये आत बर्फाच्या गुहा झाल्या, हिममानव आला, आणि त्याच ट्रॅकवरची राईड कितीतरी अधिक भीतिदायक झाली. ट्रॅक न बदलता.

संगीताबद्दल थोडं. पॅरिसच्या डिस्नेलँडमध्ये १९९५ साली सुरू झालेल्या स्पेस माउंटनमध्ये प्रत्येकाच्या कानाशी स्पीकर होते आणि संगीत ट्रॅकच्या चढउतारांशी जुळवलेलं होतं. हे छताखाली जास्त नीट साधतं. उघड्यावरची गाडी थंड सकाळी मंद आणि तापलेल्या दुपारी वेगात धावते, पावसाने आणखी फरक पडतो. आत हवामान जवळजवळ सारखं राहतं, म्हणून सूर आणि उतार एकाच क्षणी यावेत असं ठरवता येतं. तो मेळ बसला की अंगावर काटा येतो.

एक गोष्ट मात्र थीमने झाकली जात नाही: शरीराला होणारा त्रास. अंधारात मान सावरता येत नाही, म्हणून इथे ट्रॅक बाहेरच्यापेक्षाही गुळगुळीत हवा. किंग्ज आयलंड आणि किंग्ज डोमिनियन या अमेरिकेतल्या दोन पार्कांत १९९६ मध्ये ‘फ्लाइट ऑफ फिअर’ या जुळ्या राईड्स आल्या. परग्रहवासीयांच्या तबकडीची गोष्ट, उभं राहिल्या जागेवरून चार सेकंदांत ताशी सुमारे ८७ किलोमीटर, आणि मग अंधारात ट्रॅकचा गुंता. सगळं उत्तम, पण खांद्यांवरून येणाऱ्या अडसरांवर डोकं आणि कान आपटत. २००१ मध्ये ते काढून मांडीवरचे दांडे बसवले आणि राईडचं नशीब पालटलं.

आणखी एक अडचण म्हणजे बसणारा नेमका कुठे बघेल हे रचणाऱ्याच्या हातात नसतं. फ्लोरिडातल्या डिस्नेच्याच एपकॉट या पार्कमधल्या २०२२ च्या ‘कॉस्मिक रिवाइंड’ने यावर छान उत्तर काढलं: डबाच वळतो आणि तुमचं तोंड प्रसंगाकडे करतो. अनेकांना तिथे मळमळतं हेही खरं, पण गाडी घसरत असताना डबा हळूच बाजूला वळतो, तेव्हा जे वाटतं ते साध्या कोस्टरवर मिळत नाही. याउलट डोळ्यांवर व्हीआर चष्मे (आत पडदा असलेले, आभासी दृश्य दाखवणारे) चढवण्याची टूम मला कधीच पटली नाही. २०१५ मध्ये जर्मनीतल्या युरोपा-पार्कच्या ‘आल्पेनएक्सप्रेस’वर ती सुरू झाली आणि पुढे बऱ्याच पार्कांत पसरली. प्रत्येकाचा चष्मा पुसायचा, घट्ट करायचा, यात रांग खोळंबते. आणि चष्म्यातलं चित्र ट्रॅकपेक्षा किंचित मागे पडलं की डोकं दुखतं.

तुम्हाला बसायचंच असेल तर पहिल्या फेरीआधी राईडचा व्हिडिओ अजिबात पाहू नका. जमलं तर गाडीतल्या सगळ्यांत पुढच्या रांगेतली जागा मागा. बाहेर शेवटच्या रांगेला उतारावर जास्त ओढ मिळते, म्हणून जाणकार ती पकडतात. पण अंधारात मागे बसलात तर पुढच्यांच्या किंकाळ्या उतार आधीच सांगून टाकतात. फोन आणि चमकणारं घड्याळ खिशात ठेवा, एका पडद्याच्या उजेडात साऱ्या डब्याचा काळोख नासतो. गोष्टीची मांडणी बहुधा रांगेतल्या दालनांतच होते, म्हणून एकट्या बसणाऱ्यांची झटपट रांग (जिथून गाडीतल्या सुट्या रिकाम्या जागा भरतात) पहिल्यांदा टाळा. दुसऱ्या फेरीला तीच धरा, दोन तास वाचतील.