चौकोनी कंसातला एक शब्द

(वाचक विचारतात आणि वैद्यकीय महाविद्यालयातल्या निवृत्त ग्रंथपाल उत्तरं देतात, ते हे सदर. या वेळचे तिन्ही प्रश्न पेपरच्या संदर्भसूचीचे आहेत.)

प्रश्न : मॅडम, मी एम.डी. मेडिसिनच्या शेवटच्या वर्षाला आहे. थीसिसवरून पेपर तयार करून पाठवला, तो चौथ्या दिवशी परत आला. ‘रेफरन्सेस व्हँकूव्हर पद्धतीने द्या’ एवढाच शेरा. थीसिसमध्ये सूची एबीसीडीप्रमाणे होती, ती तशीच डकवली होती. ४१ रेफरन्सेस आहेत. कुठून सुरुवात करू?

उत्तर : डॉक्टर, चौथ्या दिवशी परत आला म्हणजे बहुधा तो तज्ज्ञांपर्यंत गेलेलाच नाही, ऑफिसातूनच फिरला. तुमच्या कामावर कुणी बोट ठेवलेलं नाही, तेव्हा मनाला लावून घेऊ नका.

१९७८च्या जानेवारीत काही वैद्यकीय जर्नलचे संपादक कॅनडातल्या व्हँकूव्हरला जमले आणि सूची कशी लिहायची यावर त्यांनी एकमत केलं. ते नियम १९७९मध्ये छापून आले. मुख्य नियम एकच : मजकुरात जो संदर्भ आधी येईल तो १, त्यानंतरचा नवा तो २. एबीसीडीला इथे थारा नाही. तोच पेपर चार पानांनी पुन्हा आला तरी त्याचा नंबर तोच राहतो. निवासी डॉक्टर हमखास अडखळतात ते टेबलपाशी, म्हणजे तक्त्यापाशी. फक्त टेबलमध्येच आलेल्या संदर्भाला नंबर द्यायचा तो मजकुरात त्या टेबलचा पहिला उल्लेख जिथे येतो तिथला. टेबल शेवटच्या पानावर असलं म्हणून त्याला शेवटचा नंबर नाही.

हे आकडे हाताने टाइप करू नका. १९९०च्या दशकात मी कार्डांवर संदर्भ लिहून ती चपलांच्या खोक्यात लावत असे. क्षयरोगावरच्या एका पेपरात आमच्या सरांनी ऐनवेळी एक नवा संदर्भ सातव्या जागी घालायला सांगितला. मी सूचीत नवा ७ घातला, खालचे आकडे एकेकाने वाढवले आणि मजकुरातले तसेच ठेवून मोकळी झाले. छापून आलं तेव्हा लहान मुलांच्या डोसच्या वाक्यापुढे थुंकीच्या तपासणीचा पेपर होता. सर काही बोलले नाहीत. त्याचंच जास्त लागलं.

आता संदर्भ सांभाळणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. वर्डमध्ये जोडून घ्या. मधे संदर्भ घातला की पुढचे सगळे आकडे आपोआप सरकतात. पण त्याने ओढून आणलेली माहिती डोळे झाकून घेऊ नका. लेखाचं नाव कधी सगळं कॅपिटलमध्ये येतं, कधी जर्नलचं नाव पूर्ण येतं.

एक नमुना देते. देवनागरीत लिहिला आहे, तुम्ही अर्थात रोमनमध्ये लिहाल :

पोर्टर जे, जिक एच. ॲडिक्शन रेअर इन पेशंट्स ट्रीटेड विथ नार्कॉटिक्स [लेटर]. एन इंग्ल जे मेड. १९८०;३०२:१२३.

आडनाव आणि आद्याक्षर यांच्यामध्ये स्वल्पविराम नाही, आद्याक्षरापुढे टिंब नाही (‘एच’पुढचं टिंब लेखकांची नावं संपल्याचं). सालानंतर अर्धविराम, खंडानंतर अपूर्णविराम, आणि या आकड्यांच्या मधे कुठेही जागा सोडायची नाही. लेखक सहापेक्षा जास्त असतील तर पहिले सहा आणि मग एट अल, म्हणजे ‘आणि इतर’. काही जर्नल तिघांवरच थांबतात. म्हणून सूचीला हात लावण्याआधी त्याच जर्नलच्या ताज्या अंकातला एक लेख शेजारी उघडून ठेवा. आकडा कंसात आहे की वर चढवलेला, पूर्णविरामाच्या आधी की नंतर, हे लेखकांसाठीच्या ‘इन्स्ट्रक्शन्स’ची बारा पानं वाचण्यापेक्षा तिथे लवकर दिसतं.

जर्नलचं संक्षिप्त नाव मनाने करू नका. ‘जर्नल ऑफ द असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडिया’ला आपण तोंडाने ‘जापी’ म्हणतो, सूचीत ते ‘जे असोक फिजिशियन्स इंडिया’ होतं. ‘पेडिॲट्रिक्स’ हे एकाच शब्दाचं नाव, म्हणून ते पूर्ण लिहायचं. ‘इंडियन पेडिॲट्रिक्स’ मात्र ‘इंडियन पेडिॲटर’. पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीत, जे दिसतं तेच उतरवा. ऑनलाइन लेखांना कधी पान नंबरच नसतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचा विंचूदंशावरचा २०११चा बीएमजे या ब्रिटिश जर्नलमधला पेपर घ्या. तिथे पानाच्या जागी ‘सी७१३६’ आहे. तो आकडा म्हणजेच पान समजायचं, त्यापुढे पानांसाठीचं ‘पीपी’ वगैरे लावायचं नाही.

प्रश्न : प्रस्तावनेतल्या काही वाक्यांना संदर्भ हवेत. गाईड म्हणतात, एखाद्या चांगल्या पेपरच्या सूचीतून उचल. मूळ लेख उघडतही नाहीत, पैसे मागतात. चालेल का?

उत्तर : नाही. वर मी नमुना दिला तो उगीच नाही. त्यातला चौकोनी कंसातला शब्द पुन्हा बघा. तो लेख नव्हता, संपादकांना लिहिलेलं पाच वाक्यांचं पत्र होतं. इस्पितळात दाखल असताना नार्कॉटिक औषध मिळालेले ११,८८२ रुग्ण, आधी व्यसन नसलेल्यांपैकी पुढे व्यसन लागल्याची चारच उदाहरणं, एवढंच त्यात होतं. घरी नेऊन महिनोन्महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल अक्षर नाही. पण एकाच्या सूचीतून दुसऱ्याने उचललं, दुसऱ्याच्या तिसऱ्याने, आणि अमेरिकेत ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्यांनी व्यसन लागत नाही असं सांगायला हेच पत्र पुढे केलं जाऊ लागलं. २०१७मध्ये त्याच जर्नलमध्ये, ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये, कॅनडातल्या संशोधकांनी हिशेब मांडला : ६०८ लेखांनी हे पत्र उद्धृत केलं होतं, त्यातल्या ४९१ लेखांनी ते रुग्ण इस्पितळातले होते हे सांगितलंच नव्हतं. गावात कुणी काही बोललं की वेशीपर्यंत जाता जाता त्याचं जे होतं, तेच.

पत्र केवढं? पानाचा एक कोपरा. उघडून बघायला दोन मिनिटं पुरेत.

पैशांचं म्हणाल तर बरेच लेख पबमेड सेंट्रल या ऑनलाइन संग्रहात पूर्ण आणि फुकट आहेत. नसेल तर कॉलेजच्या ग्रंथालयात सांगा, आम्ही मागवून देत असू, आजही देतात. लेखकाला ई-मेल केलात तर तोही बहुतेकदा आनंदाने पाठवतो. आणि तरीही मिळाला नाही तर ते वाक्यच काढून टाका. प्रस्तावना लहान झाली म्हणून कुठला पेपर परत आलेला मी पाहिलेला नाही.

चॅटबॉटकडून संदर्भ घेत असाल तर प्रत्येकाचं शीर्षक पबमेडमध्ये टाकून बघा. लेखक खरे, जर्नल खरं, आणि लेख मात्र कुणी लिहिलेलाच नाही, असं होतं. पबमेडवर असतानाच शीर्षकाच्या वर ‘रिट्रॅक्टेड’ लिहिलेलं नाही ना, तेही पाहा. मागे घेतलेला लेख पुराव्यादाखल दिलात तर जबाबदारी तुमची.

प्रश्न : लग्नानंतर माझं आडनाव बदललं. जुना पेपर माहेरच्या नावाने आहे, आणि त्यात तर वडिलांचं नावच आडनाव म्हणून छापलंय! आता नव्या पेपरात तो उद्धृत करताना दुरुस्त करू का?

उत्तर : नको. जसं छापलंय तसंच द्या, नाहीतर शोधणाऱ्याला तो सापडणार नाही. हा घोळ आपल्याकडे फार. दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे आडनाव, नाव, वडिलांचं नाव असं लिहून पाठवतात आणि संगणक शेवटच्या शब्दाला आडनाव समजतो. ऑर्किडचा (ORCID, संशोधकाची कायमची ओळख) सोळा आकडी नंबर काढा, फुकट आहे. जुने-नवे सगळे पेपर त्याला जोडून ठेवा. आणि यापुढे कुठलं आडनाव लावायचं ते एकदाच ठरवा. माझं मत विचाराल तर ज्या नावाने पहिला पेपर आला तेच. सासूबाईंना सूची वाचायची नसते.