कानाचं मशीन आणि टेकडीवरची झाडं

प्रश्न : ताई, मी ६७ वर्षांचा, कोथरूडला राहतो. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी वेताळ टेकडीवर जातो. यंदा थंडीत दोन्ही कानांना मशीन बसवलं. घरातलं बोलणं आता छान कळतं, पण टेकडीवर वारा सुटला की कानात घरघर होते. पानांची सळसळ आधी ऐकू येते आणि लगेच विरून जाते. मुलगी म्हणते, बाबा, पावलं मोजणं सोडा, सावकाश चाला, झाडं ऐका, चित्रं काढा. चित्रकलेचा तास शाळेतच सुटला. तर टेकडीवर मशीन काढून ठेवू का? आणि झाडं ऐकायची म्हणजे नेमकं करायचं काय?

उत्तर : मशीन काढू नका, ही पहिली विनंती. सळसळ विरते यात तुमच्या कानाचा दोष नाही. ही मशीनं मुख्यतः माणसाचं बोलणं ऐकवण्यासाठी घडवलेली असतात. एकसारखा चालू राहणारा आवाज पंख्याचा असो की पिंपळाचा, तो त्यांच्या हिशेबी गोंगाट. म्हणून मशीनं तो दाबतात. गर्दीत समोरच्याचं नीट कळावं म्हणून मागचे आणि बाजूचे आवाजही कमी करतात. टेकडीवर आपल्याला नेमके तेच हवे असतात. ऑडिओलॉजिस्टकडे (कान तपासून मशीन जुळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडे) पुढच्या वेळी जाल तेव्हा स्पष्ट सांगा : मला बाहेर फिरण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम हवा. गोंगाट दाबणं कमी करा, चारी बाजूंचं येऊ द्या, वाऱ्याची घरघर तेवढी आवरा. बऱ्याच डिजिटल मशीनमध्ये असे एकाहून जास्त प्रोग्रॅम ठेवता येतात. माणसांचं बोलणं कळलं की काम झालं, असं आपणच धरून चालतो आणि मागत नाही. पाखरं ऐकू येणं ही चैन नाही. हक्कानं मागा.

वयाबरोबर कान सहसा आधी वरचे, बारीक स्वर गमावतो. तांबटाची टुकटुक आणि भारद्वाजाचं घुमणारं 'ऊप ऊप' खालच्या स्वरातलं, ते तुम्हाला मशीनशिवायही येत असणार. चष्मेवाला किंवा शिंजीर या चिमुकल्या पाखरांची बारीक चिवचिव मात्र कधी गेली हे कळलंही नसेल. ती परत येताना सुरुवातीला टोचते. मशीन रोज घातलं की मेंदू सरावतो, त्याला काही आठवडे द्या.

आता चालण्याबद्दल. मुलीशी मी सहमत आहे, फक्त एक बदल सुचवते. चालताना ऐकायचा प्रयत्न करू नका. मुरमावर आपलीच पावलं इतकी वाजतात की बाकीचं बुडून जातं, आणि उतारावर तुमचं लक्ष पायांकडेच हवं. थोडं चाला, थांबा, मग ऐका. जपानच्या वनखात्यानं १९८२ मध्ये 'शिनरिन-योकू', म्हणजे वनस्नान, लोकांपुढे आणलं. त्यातही भर सावकाशीवर आहे, अंतरावर नाही. त्यासाठी घनदाट जंगल हवंच असं मला मुळीच वाटत नाही. रोज पायाखालची टेकडी पुरते, कारण झाडाचा आवाज ऋतूबरोबर बदलतो आणि ते एकाच झाडाकडे वर्षभर जाणाऱ्यालाच कळतं. पिंपळाची चैत्रातली तांबूस पालवी मऊ असते, वाऱ्यात जवळजवळ गप्प. तीच पानं जून झाली की जरा झुळूक आली तरी पाऊस पडल्यासारखी वाजतात.

उन्हाळ्यात गिरिपुष्पापाशी थांबून बघा. हे झाड मूळचं मध्य अमेरिकेतलं, पुण्याच्या टेकड्यांवर वनीकरणात भरपूर लावलं गेलं. त्याऐवजी आपली देशी झाडं लावायला हवी होती असं माझं ठाम मत आहे. पण त्याच्या शेंगा ऐकण्यासारख्या असतात. उन्हानं वाळल्या की त्या दोन्ही बाजूंनी पिळवटून एकदम उकलतात आणि बिया दूर फेकतात. ऊन चढू लागलं की तड्, तड् असा आवाज येतो. देशी शिरीष दिसला (रस्त्याकडेचा पर्जन्यवृक्ष नव्हे) तर त्याच्याही खाली उभे राहा. पातळ, गवती रंगाच्या शेंगांत सुट्या बिया असतात, त्या वाऱ्यावर सतत खुळखुळतात. हे आवाज सळसळीपेक्षा तुटक, म्हणून मशीन त्यांना सहसा गिळत नाही. सुरुवात इथून करा.

चित्राची धास्ती घेऊ नका. छोटी वही न्या, पानाच्या मधोमध फुली मारा. ती तुमची जागा. डोळे मिटून बसा आणि आवाज ज्या बाजूनं येईल तिकडे खूण करा : तांबटासाठी ठिपके, मोराच्या केकेसाठी वर चढणारी रेघ, पानांसाठी नागमोडी रेघा. खुणा तुमच्या तुम्ही ठरवा. दोन्ही कानांना मशीन असल्यामुळे दिशा ओळखण्याचा सराव आपोआप होईल. हीच वही ऑडिओलॉजिस्टला दाखवा. 'उजवीकडचं काहीच टिपलं जात नाही' हे तोंडी सांगण्यापेक्षा तिच्यावरून लवकर समजेल. झाडाचं चित्र नंतर, आणि तेही आधी फक्त खोडाच्या सालीचं.

घामानं मशीन खराब होतं. घरी आल्यावर कोरड्या कापडानं पुसून सिलिका जेलच्या डबीत ठेवा.

प्रश्न : आम्ही ठाण्याला राहतो. सोसायटीच्या भिंतीलगत एकच पिंपळ आहे. सात वर्षांच्या लेकीला त्याच्याशी जोडायचं कसं?

उत्तर : तिच्याबरोबर जाळीचं पान करा. खाली पडलेली, जून पण न फाटलेली पानं पाण्यात बुडवून ठेवा. झाकण घट्ट हवं, नाहीतर डास होतात. पाणी तीन-चार दिवसांनी बदला. दोन-तीन आठवड्यांत पानाचा गर सुटू लागतो. मग ताटलीत पान ठेवून मऊ ब्रशनं हलकेच घासा, हे तिलाच करू द्या. शिरा कुठून फुटतात, कुठे जुळतात हे तिच्या बोटांना कळेल. रद्दीच्या कागदात दाबून वाळवा, मग हवं तर जलरंग द्या. पाण्याला वास येतो, डबा बाल्कनीत ठेवा. आणि पाच-सहा पानं एकदम भिजवा, घासताना एखादं फाटतंच.