प्रत्यार्पण नाही, प्रत्यर्पण! आणि वाघनखं ‘परत’ आलेली नाहीत

प्रश्न असा आहे: लंडनहून वाघनखं आली, नागपूरच्या रघुजीराजे भोसल्यांची तलवार आली, ईशान्य भारतातले नागा लोक इंग्लंडमधल्या संग्रहातल्या पूर्वजांच्या कवट्या मागताहेत, या सगळ्याला मराठीत प्रत्यार्पण म्हणायचं की प्रत्यावर्तन?

पहिले तो काना काढा. प्रति अधिक अर्पण म्हणजे प्रत्यर्पण, जसं प्रति अधिक अक्ष प्रत्यक्ष. किडनीचं होतं ते प्रत्यारोपण, तिथे मूळ शब्दच आरोपण आहे म्हणून काना, आणि तोच काना टीव्हीवाल्यांनी इकडे आणून चिकटवला असं माझं ठाम मत आहे. काही जण ‘प्रति+आ+अर्पण’ अशी फोड करून दाखवतात, पण ‘आर्पण’ कोणी कधी केलंय का?

आता खरी मजा. अर्पण आलं ऋ या धातूवरून, ऋ म्हणजे जाणे, त्याचं प्रयोजक अर्पयति, म्हणजे जायला लावतो, पोचवतो. आणि त्याच ऋ वरून ऋण! पाणिनीनं त्यासाठी वेगळं सूत्रच दिलंय, ‘ऋणमाधमर्ण्ये’. अधमर्ण म्हणजे देणेकरी, उत्तमर्ण म्हणजे सावकार, दोन्हीच्या पोटात ऋण बसलेलं आहे. म्हणजे लुटीचा माल काचेच्या कपाटात ठेवून बसलेलं म्युझियम अधमर्ण, आणि दारात उभे असलेले मूळ मालक उत्तमर्ण, मागणारे म्हणून ते याचक होत नाहीत, ही गोष्ट एकट्या प्रत्यर्पण शब्दात आहे. आधुनिक व्युत्पत्तीवाले ऋण आणि ऋ चा संबंध पक्का मानत नाहीत. पण त्याहून पटणारं दुसरं मूळ त्यांनी दाखवावं, मग बोलू, तोपर्यंत मी पाणिनीसोबत. प्रत्यावर्तनात काय आहे? नुसतं मागे फिरणं, जणू वस्तू आपल्या पायानं गेली न् आपल्या पायानं आली, नेणाऱ्याचं नावच नाही! प्रत्यर्पण फक्त आरोपींचं होतं म्हणणाऱ्यांच्या डोक्यात 1962 चा प्रत्यर्पण अधिनियम आहे, पण एका कायद्यानं शब्द वापरला म्हणून तो त्याच्या नावावर होत नाही.

पण शब्द बरोबर लिहिला तरी तो कुठे लावायचा ते पहा ना. 2025 मध्ये वाघनखं आपल्या नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे इथल्या म्युझियममध्ये होती, तेव्हा ‘परत आली, परत आली’ ऐकून कान किटले. अहो, ती तीन वर्षांच्या कराराची, उसनी! व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला 1983 च्या कायद्यामुळे संग्रहातली वस्तू सहसा कायमची देताच येत नाही, म्हणून असे वाद उसनवारीवर मिटवतात, आणि हीच ती महाराजांची वाघनखं याची खात्री ते म्युझियमही देत नाही. तलवारीचं तर आणखी वेगळं, ती एप्रिल 2025 मध्ये राज्य सरकारनं सोदबीजच्या लिलावात 47.15 लाखाला विकत घेतली. सीताबर्डीच्या 1817 च्या लढाईनंतर ती लुटीत गेली असावी असं मानतात, तसं असेल तर आपलीच वस्तू आपणच पैसे मोजून आणली. आली याचा आनंद मलाही आहेच, पण याला प्रत्यर्पण म्हणाल तर अधमर्णाला फुकट पावती मिळते.

कवट्यांचं राहिलं. तिथे कायदासुद्धा वेगळा आहे. ब्रिटिश म्युझियमला 1963 च्या कायद्यानं वस्तू देता येत नाहीत, पण ह्युमन टिश्यू ॲक्ट 2004 च्या कलम 47 नं त्याच्यासह नऊ संस्थांना साधारण हजार वर्षांच्या आतले मानवी अवशेष देण्याची मुभा दिली. ऑक्टोबर 2024 मध्ये ऑक्सफर्डशरच्या एका लिलावात शिंगं लावलेली नागा कवटी विकायला ठेवली होती, नागालँडमधून ओरड झाली तेव्हा मागे घेतली. अशा कवटीला कृपा करून ‘पुरातन वस्तू’ लिहू नका. इथे मी प्रत्यर्पणही लिहिणार नाही, मेयो हॉस्पिटलातून गेलेला माणूस नातेवाइकांच्या ताब्यात देतात तसंच लिहायचं: अस्थी वंशजांच्या ताब्यात दिल्या.