भारत आणि श्रीलंकेमधल्या समुद्राचं नेमकं नाव काय: पाल्कची सामुद्रधुनी की मन्नारचं आखात?

दोन्ही, आणि त्यांच्या मधला तिसरा भागही. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांतलं 'पाल्कची सामुद्रधुनी' हे एका ओळीचं उत्तर मला अपुरं वाटतं, कारण त्यात पाल्कचा उपसागर गायब होतो.

नकाशावर अक्षांश बघा. १० अंश उत्तरेच्या आसपास तमिळनाडूचं कोडियक्कराई आणि जाफन्याचं पॉइंट पेड्रो समोरासमोर येतात, अंतर साधारण ६४ किमी. सामुद्रधुनी ती. आता ९ अंशाच्या जरा वर या. धनुष्कोडी ते तलैमन्नार अशी सुमारे ३० किमीची रामसेतूची रांग दिसेल. या दोन्हींच्या मधलं उथळ पाणी म्हणजे पाल्कचा उपसागर. सेतूच्या दक्षिणेला मन्नारचं आखात, आणि ते झपाट्याने खोल होत जातं.

कच्चतीवु बेट सेतूच्या उत्तरेला, म्हणजे या उपसागरात आहे. ते सामुद्रधुनीत असल्याचं छापून येतं तेव्हा भारत-श्रीलंका सागरी सीमेच्या करारांचाही गोंधळ होतो. १९७४चा करार रामसेतू ते पाल्क सामुद्रधुनी एवढ्याच पाण्याचा. मन्नारचं आखात आणि बंगालच्या उपसागरातली सीमा १९७६च्या करारात ठरली. कच्चतीवुच्या मालकीच्या वादात १९७६चं कलम पुढे करणाऱ्याला आधी हा फरक दाखवा.

सेतूवर काही ठिकाणी पाणी जेमतेम मीटरभर असतं. कोचीहून चेन्नईला जाणारी मोठी जहाजं म्हणूनच श्रीलंकेला वळसा घालतात. रामेश्वरम बेट आणि मुख्य भूमीमधल्या पांबनच्या खाडीतून फक्त लहान नौका जातात.

'पाल्क' हे नाव रॉबर्ट पाल्कवरून आलं, १७६०च्या दशकातला मद्रासचा गव्हर्नर. तमिळमध्ये त्याचं 'पाक्कु' झालं. पाक्कु म्हणजे सुपारीही, पण इथे सुपारीचा काही संबंध नाही. मला त्यापेक्षा धनुष्कोडीची नावं जास्त नेमकी वाटतात: उत्तरेचं शांत पाणी 'पेण् कडल', म्हणजे बाई-समुद्र, आणि दक्षिणेचं खवळलेलं 'आण् कडल', पुरुष-समुद्र. उत्तरेच्या पाण्याला दोन्ही बाजूंनी जमिनीचा आडोसा आहे, दक्षिणेचं सरळ हिंदी महासागराला उघडं. मात्र ईशान्य मोसमी वारे सुरू झाले की उत्तरेचं पाणीही खवळतं.

आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटनेच्या १९५३च्या सीमांप्रमाणे रामसेतूच बंगालचा उपसागर आणि लक्षद्वीप समुद्र यांना वेगळं करतो. म्हणजे मन्नारचं आखात बंगालच्या उपसागरात धरू नका.

बोलताना सगळ्या पट्ट्याला 'पाल्क' म्हणणं सर्रास चालतं, आणि परीक्षेत पर्यायांमध्ये तेवढंच असेल तर तेच निवडा. नकाशा काढताना मात्र तीन नावं लिहा.